मेंढ्यांच्या मुलखात चार दिवस

स्कॉटलंडच्या थेट उत्तर टोकाला एक परगणा आहे आणि त्याचे नाव 'दक्षिणेकडचा मुलूख' असे आहे. सदरलंड! जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला पाहून आमच्या नऊ वर्षांच्या नातीने निकाल देऊन टाकला, "ज्यानं नाव ठेवलं ना आजी, त्यानं नकाशा उलटा धरला होता." पण नकाशा सुलटाच होता. हजारएक वर्षांपूर्वी हे नाव ठेवणारे नॉर्स दर्यावर्दी त्याहूनही उत्तरेला, ऑर्कनीच्या बेटांत, राहत होते. त्यांच्या ओसरीवरून हा प्रदेश दक्षिणेलाच दिसायचा. नाव कुणी ठेवले आणि कुठे उभे राहून ठेवले हे पाहावे लागते; या प्रवासात ते आम्हांला पुष्कळदा पाहावे लागले.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त एडिंबऱ्यात असतात आणि आम्ही उभयता उन्हाळा तिकडे काढायला गेलो होतो. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिकडे बँकांना सुट्टी असते. शनिवार-रविवारला लागून असा सोमवार आला की आपल्याकडे जशी सारी मुंबई लोणावळ्याकडे लोटते, तशी तिकडची मंडळी मोटारीत तंबू, सायकली आणि कुत्री घालून उत्तरेची वाट धरतात. सूनबाईंनी महिनाभर आधीच मुक्कामाच्या जागा राखून ठेवल्या होत्या. २०१५ सालापासून इन्व्हर्नेसपासून इन्व्हर्नेसपर्यंत, उत्तर किनाऱ्याने वळसा घालून येणाऱ्या सुमारे पाचशे मैलांच्या रस्त्याची 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने जाहिरात झाली. तेव्हापासून या सुट्टीत तिकडे आयत्या वेळी खाट मिळणे कठीण. आमच्या चार दिवसांत पाचशे मैलांचा सगळा वळसा बसण्यासारखा नव्हता. त्याचा वरचा आणि पश्चिमेचा तुकडा पाहायचा व मधली दरी उभी चिरून जायचे असे ठरले.

शुक्रवारी दुपारी निघालो. मेथीच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे आणि चहाचे दोन थर्मास एवढी शिदोरी पाहून चिरंजीव म्हणाले, "आई, वाटेत हॉटेलं आहेत." मी काही बोलले नाही. शनिवारी दुपारी अडीच वाजता, जिथे दहा मैलांत धुराडे दिसत नव्हते तिथे, त्यांनी स्वतःच दशमीचा डबा मागून घेतला.

पहिल्या दिवसाविषयी फार लिहीत नाही. एडिंबऱ्याहून इन्व्हर्नेस सुमारे अडीचशे किलोमीटर, रस्ता उत्तम. फोर्थच्या खाडीवर एकाशेजारी एक तीन पूल आहेत. त्यांतला लाल लोखंडी रेल्वेपूल १८९० सालचा. पुढे बर्नम नावाचे गाव लागते. 'मॅकबेथ'मध्ये जे रान चालत येते ते इथले! शिरवाडकरांचे 'राजमुकुट' त्याच नाटकावरून झालेले, आणि ते ह्यांनी तरुणपणी पाहिलेले. त्यामुळे बर्नम ते ड्रमॉख्टरची खिंड येईपर्यंत मोटारीत दुसरा विषय निघाला नाही. खिंड सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे. मे महिना लागला तरी दोन्ही बाजूंच्या डोंगरांच्या घळींत बर्फाचे पांढरे ओघळ शिल्लक होते. रात्री इन्व्हर्नेसला मुक्काम केला.

शनिवारी सकाळी साडेसातलाच बाहेर पडलो. इन्व्हर्नेस सोडून वीसएक मैल गेलो तोच डाव्या हाताच्या डोंगरमाथ्यावर काळ्या दगडांच्या कमानींची एक ओळ आकाशावर उमटली. किल्ला म्हणावा तर भिंती नाहीत, देऊळ म्हणावे तर छप्पर नाही. हे फायरिशचे स्मारक. बक्सारच्या १७६४ च्या लढाईत इंग्रजांचा सेनापती होता तो सर हेक्टर मन्रो या भागातला जमीनदार. १७८१ साली त्याने डचांकडून नागपट्टण घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या वेशीची ही प्रतिकृती घरासमोरच्या डोंगरावर बांधवली. लोकांना काम नव्हते, म्हणून काम काढले, असे म्हणतात. आणखी असेही सांगतात की काम लवकर संपू नये म्हणून वर नेलेले काही दगड तो रात्री खाली लोटून देई. दंतकथा असेल. पण तमिळ मुलखातली वेस स्कॉटलंडच्या डोंगरावर उभी आहे एवढे मात्र डोळ्यांनी पाहिले.

लोकांना काम का नव्हते, हे पुढच्या दिवसभरात कळत गेले.

आर्डगे गावापासून आत दहा मैलांवर, रस्ता जिथे जवळजवळ संपतो तिथे, क्रॉइकचे चर्च आहे. थॉमस टेलफर्ड या प्रसिद्ध इंजिनिअरच्या नमुन्यावर १८२७ साली बांधलेले, पांढरट, साधे, लहानसे. चार झाडे, दगडी कुंपण, पलीकडे ओढा, आणि चहूकडे मेंढ्या. पूर्वेकडच्या खिडकीला शंकरपाळ्याच्या आकाराच्या छोट्या काचा बसवलेल्या आहेत. सूर्य कलता धरून पाहिले की त्या काचांवर कुणीतरी टोकदार वस्तूने कोरलेली बारीक अक्षरे दिसतात. मे १८४५ मध्ये जवळच्या ग्लेनकॅल्व्ही दरीतली अठरा कुटुंबे जमीनदाराच्या मुनिमाने घराबाहेर काढली. जमीन मेंढ्यांना हवी होती. भाड्याची थकबाकी नव्हती, गुन्हा नव्हता. मुलेबाळे, म्हातारी माणसे धरून ऐंशी-नव्वद जण इथे आले. पण देवाच्या घरात संसार मांडणे त्यांना पाप वाटले, म्हणून बाहेर कबरींच्या मधल्या जागेत घोंगड्या-ताडपत्र्या बांधून थंडीत राहिले. लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार येऊन हे पाहून गेला. जाण्यापूर्वी कुणी तरी खिडकीच्या काचेवर लिहून ठेवले की ग्लेनकॅल्व्हीचे लोक २४ मे १८४५ रोजी इथे होते. दुसऱ्या एका काचेवर त्याच लोकांना 'पापी पिढी' म्हटले आहे. आपल्याच हातून काही पातक घडले असेल, त्याशिवाय असे दिवस येतील कसे, असे त्यांना वाटले असावे, असा त्याचा अर्थ लावतात. त्या लोकांची बोली गेलिक. पण अक्षरे इंग्रजीत कोरली. कुणी वाचावे अशी त्यांची इच्छा होती हे उघड आहे.

नातीने काचेला नाक लावून सगळे वाचले आणि विचारले, "मग ते गेले कुठं?" चिरंजीवांनी फोन काढला, पण तिथे फोनला जीव नव्हता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो आला नाही आणि वाट सांगणारी फोनमधली बाईही मुकी झाली. ह्यांनी मोठ्या समाधानाने कागदी नकाशा उघडला.

बोनार ब्रिजवरून सदरलंडात शिरलो आणि समुद्राच्या काठाने गोल्स्पीला गेलो. गावामागच्या डोंगरावर पायथा धरून सुमारे शंभर फूट उंचीचा एक पुतळा आहे; काही मैलांवरूनच दिसू लागतो. हा सदरलंडचा पहिला ड्यूक. १८३३ साली वारला, पुतळा १८३७ चा. दुःखी व कृतज्ञ कुळांनी तो उभारला असे खाली कोरलेले आहे. त्याची बायको एलिझाबेथ ही या परगण्याची वारसदार काउंटेस. जमीन तिची आणि पैसा त्याचा. १८०७ ते १८२१ या काळात त्यांच्या कारभाऱ्यांनी आतल्या खोऱ्यांतली गावेच्या गावे उठवून हजारो माणसे किनाऱ्यावर आणून टाकली आणि मोकळ्या झालेल्या खोऱ्यांत दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना मेंढ्यांसाठी मोठमोठे मक्ते दिले. हा पुतळा पाडावा अशी मागणी अधूनमधून होते. कुणी म्हणतात राहू दे, म्हणजे विसर पडणार नाही. दुसऱ्या पक्षाचे मला अधिक पटले.

जमीनदारांची बाजूही तिथे ऐकायला मिळते आणि ती ऐकायला हवी. खोऱ्यांतली शेती पोटापुरतीही पिकत नव्हती, दुष्काळ पडे, ओट आणि बटाटे संपले की लोकांना मालकाकडे हात पसरावा लागे; त्यांना समुद्रकाठी नेऊन मासेमारी, मिठागरे, कोळसा असे उद्योग द्यायचे, रस्ते-बंदरे बांधायची, असा तो 'सुधारणे'चा बेत होता. रस्ते खरोखरच झाले. आम्ही त्यांतल्याच काहींवरून जात होतो. फक्त ज्यांची सुधारणा व्हायची त्यांना कुणी विचारले नव्हते. आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्यांना एका हंगामात कोळी व्हायला सांगितले होते.

याच परगण्यातून १८०० च्या सुमारास ९३ वी हायलँडर पलटण उभी राहिली. क्रिमियाच्या लढाईत ती गाजली, १८५७ साली लखनौच्या सिकंदरबागेतही तीच होती. त्या क्रिमियाच्या वेळी ड्यूकचे लोक गोल्स्पीला शिपाईभरतीसाठी आले तेव्हा एकही गडी पुढे आला नाही. तुम्हांला माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटल्या, आता मेंढ्यांनाच लढायला पाठवा, असे त्यांना सुनावले म्हणतात.

गोल्स्पीहून लेअर्गमार्गे आम्ही आत वळलो आणि एकपदरी रस्त्याची सुरुवात झाली. वाचकांपैकी ज्यांना कधी हा योग येईल त्यांच्यासाठी हे जरा विस्ताराने सांगते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही वाहनांना मिळून रस्ता एक, आपल्या गावाकडच्या बैलगाडीच्या रस्त्याएवढाच रुंद. पण डांबरी आणि खड्ड्यावाचून. काही काही अंतरावर कडेला फुगवटा ठेवलेला असतो आणि तिथे पांढरी पाटी. समोरून गाडी आली की ज्याच्या बाजूचा फुगवटा जवळ असेल त्याने त्यात शिरून थांबायचे. तो समोरच्या बाजूला असेल तर त्याच्यासमोर आपल्या जागीच उभे राहायचे, आणि समोरच्याने त्यात शिरून वळसा घ्यायचा. मागून कुणी घाईचा आला, गावचा डॉक्टर असेल, शाळेची गाडी असेल, तर त्यालाही जागा द्यायची. आणि प्रत्येक वेळी हात वर करून ओळख द्यायची. स्टिअरिंगवरचे एक बोट उचलले तरी चालते, पण उचलले पाहिजे. पहिल्या तासात ह्यांनी शेजारी बसून इतक्या अनोळखी माणसांना इतके नमस्कार घातले की नातीने मोजायला सुरुवात केली. स्थानिकांची तक्रार अशी की सुट्टीतले पाहुणे याच फुगवट्यांत मोटारी लावून डबे उघडतात, फोटो काढतात आणि घरेवजा गाड्या घेऊन येतात त्यांना उलटे मागे जाता येत नाही. आम्ही दशम्या नेहमीच्या मोटारतळावर थांबून खाल्ल्या.

दोन्ही बाजूंना तपकिरी, पाणथळ माळ. मधून चमकणारी डबकी. हा सगळा हजारो वर्षे साचत आलेल्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा, प्रदेश. उत्तरेकडच्या या माळांचा मोठा भाग २०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. अल्टनाहारा नावाची चार घरांची वस्ती लागते. तिथे ३० डिसेंबर १९९५ रोजी पारा शून्याखाली सत्तावीस अंशांवर उतरला होता. ब्रिटनमध्ये त्याहून खाली तो कधी गेलेला नाही. आम्हांला मात्र ऊन मिळाले. पिवळ्या फुलांनी लदबदलेली काटेरी गॉर्सची झुडपे रस्त्याच्या कडेने उभी होती आणि त्यांना खोबऱ्याचा वास येत होता. अगदी ओल्या खोबऱ्याचा! सूनबाईंनी काच खाली केली आणि मला क्षणभर कोकणातल्या स्वयंपाकघराची आठवण झाली.

आणि मग स्ट्रॅथनेव्हर आले. स्ट्रॅथ म्हणजे आपले खोरे. नेव्हर नदीचे हे खोरे असे देखणे आहे की मोटारीतले बोलणे आपोआप थांबले. मधून वाहणारी स्वच्छ नदी, काठाला हिरवे पट्टे, वर तपकिरी डोंगर, त्यामागे निळे. मैलोन् मैल माणूस नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, काय शांतता आहे बघा! असं अस्पर्श ठिकाण जगात आता उरलं नाही."

ह्यांनी पटकन उत्तर दिले नाही. ते बाहेर पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी थांबव. अस्पर्श कसलं? इथं गाव होतं."

ह्यांचे आजोळ जावळी खोऱ्यातले. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण झाले आणि ते गाव शिवसागरात गेले. मे महिन्यात पाणी उतरले की गाळातून जोती वर येत आणि मामा त्यांना होडीतून ती दाखवायला नेत. त्यामुळे नसलेले गाव ओळखण्याची नजर त्यांना लहानपणीच लाभली आहे. त्यांनी दाखवले ते असे : तपकिरी हेदरच्या मधोमध कुठे कुठे गवत एकदम पोपटी आणि मऊ आहे. ती शेकडो वर्षे शेण घालून कसलेली शेते. त्यात जवळजवळ काढलेले वाफ्यांचे उंचवटे अजून दिसतात, उन्हे तिरपी असली की अधिकच. जिथे खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटलची झाडी माजली आहे तिथे घर किंवा उकिरडा असणार, कारण ती माणसाच्या राखेवर आणि खतावर पोसते.

सायर गावाजवळ मोटार ठेवून रानातून चालत गेले की रोसल नावाचे गाव लागते, म्हणजे गावाची जागा लागते. वनखात्याने भोवती झाडे लावली पण एवढा तुकडा मोकळा सोडला. १९६२ साली तिथे उत्खननही झाले. गुडघाभर उंचीच्या दगडांच्या लांबट चौकटी गवतात बुडालेल्या आहेत. ह्यांनी एका चौकटीच्या दोन्ही टोकांना जाऊन उतार पाहिला आणि सांगितले, "ही खालची बाजू गोठा. ही वरची माणसांची. मूत खाली वाहून जायला हवं ना." पुढे पाटी होती; तिच्यावर चित्रासकट तेच लिहिलेले होते. माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली, मध्ये शेकोटी. एरवी आपल्या गुणांचे कौतुक करवून घेणारे हे, त्या वेळी काही न बोलता दगडावर बसून राहिले.

या खोऱ्यात १८१४ च्या जूनमध्ये पॅट्रिक सेलर नावाचा कारभारी माणसे घेऊन आला. लोकांनी उठवलेल्या घरांत परत राहू नये म्हणून छपराची लाकडे जाळली. त्या मुलखात लाकूड दुर्मीळ. घर सोडताना माणसे तुळया बरोबर नेत, म्हणजे दुसरीकडे छप्पर घालता येई. तुळई जाळणे म्हणजे पुढचे घरही जाळणे. बॅडिनलॉस्किन येथे मार्गारेट मॅके नावाची जवळजवळ शंभर वर्षांची म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. पेटलेल्या घरातून तिला शेवटी बाहेर काढले. पाच दिवसांनी ती गेली. १८१६ साली इन्व्हर्नेसच्या कोर्टात सेलरवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. या खोऱ्यातल्या मोठ्या मेंढपाळीचा मक्ता कुणाकडे होता म्हणाल, तर याच सेलरकडे.

रोसलमध्ये वाढलेला डोनल्ड मॅक्लाऊड नावाचा एक गवंडी होता. १८१९ च्या दुसऱ्या फेरीत रात्री अकराच्या सुमारास टेकडीवर चढून आपण अडीचशे घरे जळताना मोजली, असे त्याने लिहिले आहे. आकड्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. घरे जळली याविषयी नाही. त्याने वीस वर्षांनी एडिंबऱ्याच्या वर्तमानपत्रात पत्रे लिहून हे सारे मांडले. मौज पाहा, गुलामगिरीविरुद्ध कादंबरी लिहून जगभर गाजलेल्या हॅरिएट बीचर स्टोबाई ब्रिटनला आल्या, ड्यूकच्या घरी पाहुणचार घेतला, आणि १८५४ साली आपल्या 'आनंदी आठवणीं'च्या प्रवासवर्णनात सदरलंडच्या सुधारणांची तारीफ करून गेल्या. तेव्हा कॅनडात जाऊन राहिलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने आपल्या पुस्तकाला नाव दिले 'उदास आठवणी'. प्रवासवर्णन लिहायला बसलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. मी ती ठेवून हे लिहीत आहे.

मोटारीत बसल्यावर चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, कोयनेची गोष्ट वेगळी. तिच्यावर अख्ख्या महाराष्ट्रात दिवे लागले." हे म्हणाले, "लागले ना. आपल्या घरातही लागले. मामांच्या नव्या गावात मात्र पुष्कळ उशिरा लागले." यावर पुढे कुणी वाद घातला नाही.

खोरे जिथे समुद्राला मिळते तिथे बेटीहिल. आम्ही पोचलो तेव्हा संग्रहालय मिटायला अर्धा तास होता. जुन्या पांढऱ्या चर्चमध्येच ते आहे. घरे सोडा असे फर्मान ज्या व्यासपीठावरून पाद्र्याने १८१९ साली वाचून दाखवले ते लाकडी व्यासपीठ अजून तिथे आहे असे सांगतात. आणि बेटी कोण? तीच ती काउंटेस एलिझाबेथ. उठवलेल्या लोकांसाठी वसवलेल्या गावाला तिचेच लाडके नाव! नाव ठेवणाऱ्याची ओसरी, ती ही.

पण बेटीहिलची आणखी एक आठवण आहे. १८८३ च्या जुलैत लॉर्ड नेपिअरचे चौकशी मंडळ इथे आले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. हा नेपिअर पूर्वी मद्रासचा गव्हर्नर. १८७२ साली लॉर्ड मेयोंचा अंदमानात खून झाला तेव्हा काही दिवस हिंदुस्थानचा हंगामी व्हाइसरॉयही. या चौकशीनंतर १८८६ साली कायदा झाला आणि छोट्या कुळांना, ज्यांना तिकडे क्रॉफ्टर म्हणतात, जमिनीवरून वाटेल तेव्हा हुसकता येईनासे झाले. खोरी मात्र रिकामीच राहिली. आज साऱ्या सदरलंडात मिळून तेराएक हजार माणसे राहतात.

रात्री नऊ वाजताही बाहेर वर्तमानपत्र वाचता येत होते. आमच्या मुक्कामाच्या घरची बाई साठीची, बोलकी. तिचे पूर्वज खोऱ्यातूनच इथे आलेले. "पाहुणे येतात म्हणून माझं घर चालतं," ती म्हणाली, "पण आता शेजारची घरं बाहेरचे लोक सुट्टीसाठी विकत घेतात आणि हिवाळ्यात कुलूप लावून जातात. पोरांनी लग्न करून राहायचं कुठं?" सूनबाईंनी महिनाभर जी घरे फोनवर पाहिली त्यांत अशी पुष्कळ होती. सूनबाईंनी मान खाली घालून चहात साखर ढवळली. त्या साखर घेत नाहीत.

रविवार मात्र निव्वळ डोळ्यांचा होता. टंगच्या खाडीवर १९७१ सालचा बांध आहे, त्यावरून जाताना बेन लॉयलची चार शिखरे पाण्यात उलटी दिसतात. पुढे एरिबॉलची लांब खाडी. युद्ध संपताना, १९४५ च्या मे महिन्यात, जर्मन पाणबुड्या इथे शरण आल्या होत्या. डर्नेसच्या अलीकडे केनाबेनचा समुद्रकिनारा. वाळू पिठासारखी, पाणी हिरवेनिळे. आणि इतके थंड की नात घोट्यापर्यंत जाऊन किंचाळत परत आली. वरच्या अंगाला पुन्हा एक उठवलेले गाव आहे, पण इथली गोष्ट थोडी निराळी. १८४१ साली नोटीस घेऊन बेलिफ आला तेव्हा पुरुष गवत कापायला दूर गेले होते. बायकांनी त्याला घेरले आणि त्याचा हात धरून तो कागद त्याच्याच हाताने विस्तवात घालायला लावला. पुढे सरकारने दम दिला आणि वर्षभरात गाव उठलेच. तरी ही गोष्ट ऐकून सूनबाईंचा आणि माझा चेहरा खुलला.

डर्नेसला स्मूची प्रचंड गुहा आहे. त्या गावात लहानपणी जॉन लेनन सुट्टीला येत असे म्हणून एक बागही आहे. चिरंजीव तिथे रेंगाळले. तिथून दक्षिणेला वळलो. कायलस्कूचा सुंदर वाकडा पूल १९८४ चा. त्याआधी मोटारी तरीतून पलीकडे नेत. मग ॲसिंटचे एकेकटे उभे डोंगर, जणू माळावर कुणी देवळे मांडली आहेत. तिथल्या क्रॉफ्टरांनी १९९३ साली वर्गणी गोळा करून, कर्ज-अनुदाने मिळवून, एकवीस हजार एकरांची सबंध जहागीरच विकत घेतली. ज्यांना जमिनीवर हक्क नव्हता ते जमीनदार झाले. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून पुढे इतरांनीही तसे केले आणि २००३ साली त्यासाठी कायदा झाला. अलापूलला रात्री बंदरावर बसून तळलेला मासा आणि बटाटे खाल्ले. ह्यांनी लँगुस्टीन म्हणजे लांबट लालसर कोलंबीही मागवली. ती आपल्या कोलंबीहून गोड, पण मसाल्यावाचून.

सोमवारी परतीच्या वाटेवर इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्जला थांबलो. कलोडनच्या १७४६ च्या पराभवानंतर हायलँडरांना धाकात ठेवण्यासाठी बांधलेला हा समुद्रकाठचा किल्ला. आत त्यांच्याच पलटणींचे संग्रहालय आहे. सीफोर्थ हायलँडर या पलटणीच्या गळपट्टीवरच्या बिल्ल्यावर एक हत्ती असे आणि हत्तीच्या वर एक शब्द. ह्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. 'असई.'

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी वेलस्लीची लढाई झाली, ती ही असई. ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी त्यात होत्या. मराठ्यांच्या तोफखान्याने ७४ व्या पलटणीची पाचशेतली सुमारे चारशे माणसे मारली किंवा जायबंदी केली. ७८ वी रॉस परगण्यातली आणि लुइस बेटातली. तीच पुढे सीफोर्थ झाली. रॉसमधल्या शेतकऱ्यांनी १७९२ साली मेंढ्यांचे कळप हाकून लावण्यासाठी बंड केले होते, त्याला ते लोक 'मेंढ्यांचे साल' म्हणतात. सरकारी शिपायांनी ते मोडले, आणि पुढच्याच वर्षी ही पलटण उभी राहिली. डोंगरात जमीन राहिली नाही, मग पोर बंदूक घेऊन जाई. त्यांतलीच काही भोकरदनजवळ केळणेच्या काठी पुरली गेली.

"आजोबा, हे असई लांब आहे?" नातीने विचारले.

"जालना जिल्ह्यात. आपण गेलो तर दाखवीन."

"तिथं पण मेंढ्या आहेत?"

"आहेत की. धनगरांच्या."

ती पुन्हा हत्तीकडे वळली. चार वाजत आले होते, एडिंबरा अजून साडेतीन तासांवर होते आणि सुट्टी संपवून परतणाऱ्या मोटारींची रांग खिंडीत लागणार हे चिरंजीवांनी सकाळीच बजावले होते. थर्मासमधला उरलेला चहा वाटून घेतला आणि निघालो.